वापरलेली ला पावोनी: पैसे मोजण्याआधी नेमकी कोणती ते ओळखा

जुन्या सामानाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एवढीच ओळ असते: ‘इटालियन कॉफी मशीन, हँडलवालं, चालू कंडिशन’. फोटोत क्रोमचा चकचकीत उभा बॉयलर, त्याच्यापुढे उलट्या पेल्यासारखा ग्रुप, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो तो भाग, आणि वर लांब दांडा. असं दिसलं की मशीन बहुधा मिलानच्या ला पावोनी कंपनीचं असतं, युरोपिकोला नाहीतर प्रोफेशनल. पण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. युरोपिकोला १९६१ साली बाजारात आली आणि तेव्हापासून बाहेरचं रूप जवळजवळ तेच राहिलं. आतला ग्रुप, बास्केटचं (कॉफीची पूड भरायच्या जाळीच्या वाटीचं) माप, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), प्रेशर सांभाळायची पद्धत हे मात्र बदलत गेलं. विकणारा ‘जुनं आहे, ओरिजिनल आहे’ म्हणतो आणि त्यात तो खोटं बोलत नसतो. त्याला त्यापलीकडे ठाऊकच नसतं.

सांगली-साताऱ्यात बसून हे मशीन घेणाऱ्याला या फरकाची झळ जास्त बसते. वॉशर, गॅस्केट, बास्केट सगळं बाहेरून मागवावं लागतं आणि पार्सल यायला आठवडे जातात. चुकीच्या पिढीचं किट आलं तर परत पाठवण्याचा खर्च किटच्या किमतीच्या वर जातो. म्हणून इथे ओळख आधी आणि कॉफीची चव शेवटी.

आधी हे मशीन तेच आहे ना?

आपल्याकडे ‘एस्प्रेसो मशीन’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या हॉलमधलं ते फसफसणारं मशीन येतं. स्टीलचा मोठा डबा, बाहेर आलेली वाफेची नळी, फेटलेली इन्स्टंट कॉफी आणि वरून भुरभुरलेली चॉकलेट पावडर. ते वाफेवर दूध तापवणारं यंत्र आहे. त्यात पिस्टन नाही, कॉफीतून दाबाने पाणी जात नाही. तेव्हा विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: कॉफीची पूड कुठे भरायची? उत्तरात दांड्याखाली आडवा अडकणारा चमचासारखा भाग, म्हणजे पोर्टाफिल्टर, आला नाही तर पुढे जाऊ नका.

पिस्टनवाल्या मशीनमध्येही दोन जाती आहेत आणि त्या ओळखायला मशीन थंड असतानाच दांडा हलवून पाहावा. ला पावोनीत दांडा थेट पिस्टनला जोडलेला आहे: वर उचलला की पिस्टन वर, खाली दाबला की खाली, आणि मध्ये सोडला तर स्वतःहून जोराने कुठेही जात नाही. स्प्रिंगच्या मशीनमध्ये दांडा खाली ओढताना स्प्रिंग दबते आणि सोडला की दांडा वर झेपावतो. पोर्टाफिल्टरमध्ये कॉफी नसताना तो हातातून सुटला तर हनुवटी फोडू शकतो, म्हणून ही चाचणी घेताना तोंड दांड्याच्या रेषेत आणू नका. दांडा वर झेपावला तर ती ला पावोनीची युरोपिकोला नाही. घुमटासारखं झाकण, पितळ-तांब्याचा थाट, माथ्यावर गरुड असं असेल तर ती एलेक्ट्राची मायक्रो काझा आ लेवा असण्याची शक्यता मोठी. पण नुसत्या गरुडावर विसंबू नका, स्प्रिंग आहे का तेच बघा.

थेट दांड्याचीच पण पेटीसारख्या चौकोनी अंगाची असेल तर ती स्वित्झर्लंडची ऑलिंपिया क्रेमिना, १९६७ पासूनची. ती मिळाली तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती राखून ठेवायला सांगा. प्लास्टिकच्या उभ्या अंगाची, वरून साधं झाकण असलेली उघड्या बॉयलरची लहान मशीन म्हणजे कॅराव्हेल. तिच्यात दाब साठत नाही, पाणी नुसतं तापतं. एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तिथे कॅराव्हेलला जास्त तापमान मागून मिळणारच नाही. बंद बॉयलरच्या ला पावोनीला मात्र उंचीचा फरक जाणवत नाही म्हटलं तरी चालेल.

आणि गॅजिया फॅक्टरी असं नाव दिसलं तर गोंधळून जाऊ नका. ती ला पावोनीच आहे, नाव दुसरं. खालचं सगळं तिलाही लागू पडतं.

युरोपिकोला की प्रोफेशनल?

लोक प्रेशरचा काटा बघतात आणि ‘प्रोफेशनल’ म्हणून जास्त पैसे देतात. इथेच फसायला होतं. प्रोफेशनलला पाण्याच्या काचेच्या नळीच्या माथ्यावर काटा असतो हे खरं, पण त्याच जागी युरोपिकोलाला नंतर काटा बसवता येतो आणि हौशी माणसं बसवतातही. खरा फरक बॉयलरच्या पोटात आहे: युरोपिकोला ०.८ लिटर, प्रोफेशनल १.६ लिटर. फोटोत उंची फसवते. समोर असाल तर घरातला मापाचा जग घ्या, बॉयलरचं वरचं झाकण उघडा आणि मोजून पाणी ओता. लिटरभरही मावलं नाही तर ती युरोपिकोला, काटा असो वा नसो.

फोटोवरूनच ठरवायचं असेल तर विकणाऱ्याला मशीन आडवं करून बेसच्या खालचा फोटो पाठवायला सांगा. तिथे एक पट्टी असते आणि तिच्यावर मॉडेलचा कोड, व्होल्ट, वॉट आणि अनुक्रमांक असतो. ईपीसी-८ म्हणजे क्रोमची युरोपिकोला, पीसी-१६ म्हणजे क्रोमची प्रोफेशनल. आठ आणि सोळा हे कपांचे आकडे, कंपनीच्या हिशेबाने. पट्टीचा फोटो स्पष्ट आला की अर्धं काम झालं. ‘पट्टी निघून गेली आहे’ असं उत्तर आलं तरी निराश होऊ नका, पुढची मापं पट्टीपेक्षा जास्त बोलतात.

बास्केटचं माप: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

सन २००० च्या सुमारास ला पावोनीने ग्रुप बदलला. जाणकार आधीच्या मशीनला ‘प्री-मिलेनियम’ आणि नंतरच्यांना ‘मिलेनियम’ म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखीच. पण आधीच्या बास्केटचा आतला व्यास सुमारे ४९ मिलिमीटर आणि नंतरच्याचा सुमारे ५१. हे दोन मिलिमीटर म्हणजे वेगळं पोर्टाफिल्टर, वेगळी बास्केट, वेगळं टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा), वेगळी पिस्टनची वॉशर आणि वेगळं ग्रुपचं गॅस्केट. एकाचं दुसऱ्याला बसत नाही.

मापायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथे चूक सहज होते. पोर्टाफिल्टरमधून बास्केट बाहेर काढा. ती एका तारेच्या स्प्रिंगने धरलेली असते, चमच्याच्या दांड्याने कडेला जोर लावला की निघते. व्हर्नियर कॅलिपरची आतली टोकं बास्केटच्या तोंडात टाका, पण अगदी काठावर नाही. काठ बाहेर वळलेला असतो, तिथे दीड-दोन मिलिमीटर जास्तच दिसतात आणि ४९ ची बास्केट ५१ ची वाटते. टोकं पाच-सहा मिलिमीटर खाली, सरळ भिंतीवर टेकवा. मग बास्केट पाव फेरा फिरवून पुन्हा मापा, कारण जुन्या बास्केट दाबून दाबून किंचित लंबगोल झालेल्या असतात. दोन मापांत फरक आला तर सरासरी धरा. कॅलिपर नसेल तर शाळेच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, शेजारच्या लेथवाल्याकडे बास्केट घेऊन जा. दोन मिनिटांचं काम आहे.

एक सावधगिरी अजून. बास्केट आणि पोर्टाफिल्टर मूळ मशीनचंच आहे याची खात्री करून घ्या. पोर्टाफिल्टर ग्रुपमध्ये अडकवून फिरवा. ते घट्ट बसून दांड्याच्या जवळपास मधोमध थांबायला हवं. खुळखुळत राहिलं किंवा शिरतच नसेल तर मध्ये कोणीतरी दुसऱ्या पिढीचा भाग घातला आहे.

बऱ्याच मिलेनियम मशीनमध्ये पिस्टनभोवतीची बाही प्लास्टिकची असते, तर आधीच्यांत धातूची. जुन्या ग्रुपला लोक जीव लावतात त्याचं हे एक कारण. माझं मत विचाराल तर घरासाठी दोन्ही चालतात. नवीन ग्रुपचे भाग आजही कारखान्यातून येतात, हा त्याचा मोठा गुण आहे. जुना ग्रुप बळकट आहे, पण बास्केट हरवलेली जुनी मशीन स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. स्वस्ताई बास्केट शोधण्यातच संपते.

बटण एक की दोन?

बेसवरच्या बटणावरून मशीनचा स्वभाव कळतो. सर्वांत जुन्या युरोपिकोलांत दोन बटणं किंवा ‘कमी-जास्त’ असं तीन जागांचं बटण असतं. आत दोन कॉइल असतात: एक सुमारे २०० वॉटची, दुसरी ८०० च्या आसपास. यांना प्रेशरस्टॅट, म्हणजे दाब पुरेसा झाला की वीज आपोआप तोडणारं बटण, नाही. दोन्हीवर पाणी तापवायचं, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसू लागला की मोठी कॉइल बंद करून लहानीवर ठेवायचं. कुकरची शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करावा तसं. नंतरच्या मशीनमध्ये एक बटण, एक दिवा आणि बेसच्या पोटात प्रेशरस्टॅट. तो दाब ०.७ ते ०.९ बारच्या दरम्यान राखतो, म्हणजे बॉयलरमधलं पाणी ११५ ते ११८ अंशांवर राहतं. प्रेशरस्टॅट नसलेलं मशीन वाईट नाही, पण ते चालू करून आंघोळीला जाता येत नाही. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं वापरणार असतील तर ते टाळा.

व्होल्ट: इथे पैसेच नाहीत, जीवही जातो

अमेरिकेतून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानातून आलेली मशीन १२० व्होल्टची असते. ती आपल्या २३० व्होल्टला लावली तर एलिमेंट जवळजवळ पावणेचार पट वॉट खेचतं. हजार वॉटचं एलिमेंट ३६०० च्या पुढे जातं आणि काही सेकंदांत जळतं. पट्टी असेल तर तिथे लिहिलेलं असतंच. नसेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवा, प्लगच्या दोन पिनांना टोकं लावा आणि मशीनचं बटण चालू करा. प्लग अर्थातच बोर्डात नको. २३० व्होल्टचं १००० वॉटचं एलिमेंट ५३ ओहमच्या आसपास दाखवतं, १२० व्होल्टचं १४-१५. जुन्या २२० व्होल्टच्या दोन कॉइलच्या मशीनमध्ये फक्त लहान कॉइलवर २४० च्या आसपास आणि फक्त मोठीवर ६० च्या जवळ आकडा येतो. काहीच न दाखवता मीटर गप्प राहिला तर कॉइल तुटली आहे, किंवा मध्ये थर्मोस्टॅटचं कटआऊट उडालं आहे. दुसरं असेल तर खर्च थोडा, पहिलं असेल तर एलिमेंटच नवं.

एलिमेंट नवं घेताना ते बॉयलरला कसं जोडलंय ते बघा. काही मशीनमध्ये मोठ्या आट्यांनी घट्ट केलेलं, काहींत बोल्टच्या चकतीवर बसवलेलं. बेस उघडून फोटो काढल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. १२० व्होल्टचं चांगलं मशीन पडेल किमतीत मिळालं तर १५०० व्हीएचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून ते चालतं, फक्त ट्रान्सफॉर्मर जड असतो, गुणगुणतो आणि ओट्यावर जागा खातो.

मग अर्थिंग. पितळी बॉयलर, त्यात पाणी, बाहेर ओला हात. अर्थिंग नसलेलं हे मशीन कुणालाही देऊ नये. मीटरचं एक टोक प्लगच्या अर्थ पिनला, दुसरं बॉयलरच्या उघड्या पितळाला लावा. एक ओहमच्या आत आकडा हवा. परदेशी गोल पिनांचा प्लग आणि त्यावर बाजारातला स्वस्त अडॅप्टर अशी जोडी बऱ्याचदा अर्थ तोडते. अडॅप्टर फेकून सरळ आपला तीन पिनांचा प्लग बसवून घ्या. भार चार-साडेचार अँपिअरचा आहे, त्यामुळे सहा अँपिअरचा चांगला प्लग पुरतो.

मशीन लावल्या लावल्या घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला तर घाबरून सौदा मोडू नका. दोन पावसाळे बंद पडलेल्या मशीनचं एलिमेंट दमट हवा शोषून घेतं आणि करंट बॉयलरला गळतो. इलेक्ट्रिशियनकडून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासा. एक मेगाओहमच्या वर असेल तर ठीक. कमी असेल तर एलिमेंट हळूहळू उबेत सुकवून पुन्हा मोजा. सुकवूनही आकडा वर चढत नसेल तर मात्र ते बदलणंच आलं.

सांगलीची खास तपासणी

नदीकाठच्या भागातून आलेल्या वस्तूला हा प्रश्न विचारावाच लागतो: मशीन पुरात होतं का? २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरांत शिरलेलं कृष्णेचं पाणी नुसतं ओलं नव्हतं, गाळाचं होतं. बॉयलर बाहेरून पुसून चमकवता येतो, पण बेसच्या आत गाळाची बारीक पिवळट पूड राहतेच. चार स्क्रू काढून खालची पत्र्याची झाकणी उघडा. कोपऱ्यांत आणि स्क्रूच्या आट्यांत ती पूड, प्रेशरस्टॅटच्या टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर, वायरींच्या टोकांना गंज असं दिसलं तर बेसमधलं सगळं विजेचं सामान नवं घालायचं धरून किंमत बोला. बॉयलर आणि ग्रुप पितळेचे असल्याने पुराने मरत नाहीत.

बॉयलरचं झाकण उघडून टॉर्च मारा. पांढरट चुन्याचा थर असणारच, तो निघतो. पण पितळेवर गुलाबी-लालसर डाग दिसले तर पितळातलं जस्त निघून गेलं आहे. वारंवार तीव्र आम्लाने साफ केल्याने हे होतं. हलके डाग असतील तर मशीन चालेल, पण जोडाच्या जागी ते असतील तर घेऊ नका. बाहेरून काचेच्या नळीच्या वर-खाली आणि ग्रुप बॉयलरला जोडतो तिथे पांढऱ्या-हिरव्या सुकलेल्या रेघा शोधा. तिथून पाणी गळत होतं, म्हणजे गॅस्केट बदलायला हवीत.

दांडा ज्या पिनांवर फिरतो त्या पिना बघायला विसरू नका. कॉफीच्या ४९ मिलिमीटरच्या चकतीवर ९ बारचा दाब म्हणजे जवळपास पावणेदोनशे किलोचा भार. दांड्याच्या लांबीमुळे हाताला त्यातला थोडाच जाणवतो, पण पिनांना सगळा सोसावा लागतो. दांडा डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. खटखट आवाज येऊन चार-पाच मिलिमीटर हलत असेल तर पिना झिजल्या. पिना स्वस्त आहेत, पण भोकं लंबगोल झाली असतील तर ती बुजवून पुन्हा पाडायला कुपवाडच्या एमआयडीसीतलं चांगलं लेथ गाठावं लागेल.

गरम चाचणी

बॉयलरमध्ये पाणी काचेच्या नळीत तीन-चतुर्थांश दिसेपर्यंत भरा, झाकण घट्ट करा, चालू करा. ०.८ लिटर पाणी हजार वॉटवर साधारण सहा ते आठ मिनिटांत दाबावर येतं, प्रोफेशनलला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. युरोपिकोलाला वीस-पंचवीस मिनिटांतही दाब आला नाही तर बहुधा फक्त लहान कॉइल चालू आहे.

काटा वर चढला म्हणून लगेच आनंदू नका. बॉयलरमध्ये सुरुवातीला हवा अडकलेली असते आणि ती तापून फुगते. तो दाब खोटा असतो, पाणी अजून हवं तेवढं गरम झालेलं नसतं. वाफेची नळी उघडून सोडा. आधी फुसकी हवा, मग थेंब, मग सरळ कोरडी वाफ येईपर्यंत. काटा खाली येईल आणि मग पुन्हा चढेल, तो खरा दाब. प्रेशरस्टॅट असलेल्या मशीनचा काटा ०.८ च्या आसपास थांबून मागे-पुढे व्हायला हवा. १.२ च्या पुढे चढतच राहिला तर मशीन बंद करा. प्रेशरस्टॅट अडकला आहे किंवा त्याची बारीक नळी चुन्याने बुजली आहे. बॉयलरचं झाकण दाब पूर्ण उतरल्याशिवाय, काट्यावर शून्य आणि वाफेच्या नळीतून काहीच येत नाही असं झाल्याशिवाय कधीही उघडू नका. कुकर जबरदस्तीने उघडण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे.

आता दांडा खाली ठेवून पाच मिनिटं बघत राहा. ग्रुपमधून टपटप पाणी पडत असेल तर पिस्टनची वॉशर कडक झाली आहेत. दांडा वर केल्यावर पिस्टनच्या सळईभोवती वरून पाणी आलं तर सळईचं पॅकिंग किंवा पिस्टनचं वरचं वॉशर गेलं. दोन्ही दुरुस्त होणाऱ्या गोष्टी आहेत आणि वापरलेल्या मशीनमध्ये बहुतेकदा असतातच. यांच्यासाठी सौदा मोडू नका, फक्त किंमत कमी करून घ्या. पिस्टनला दोन ओठवाली वॉशर असतात आणि ती उलटी बसली तर मशीन पहिल्यापेक्षा जास्त गळतं, म्हणून काढण्याआधी ओठ कुठे आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. लावताना खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाला लागेल तेवढंच. व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियम रबराला फुगवतं. ऑइल सीलच्या दुकानात मापाचे ओ-रिंग मिळतात, पण साधं नायट्राइल रबर घेऊ नका. ते ११५ अंशांच्या पाण्यात आणि वाफेत तडकतं. सिलिकॉन किंवा ईपीडीएम मागा.

चालवायला कसं आहे

ग्रुप नीट तापला आणि दळण बरोबर असलं तर ला पावोनीची एस्प्रेसो महागड्या मशीनच्या तोडीची निघते. १४ ग्रॅम कॉफी बास्केटमध्ये सारखी दाबा, पोर्टाफिल्टर अडकवा, दांडा सावकाश वर न्या. वर गेल्यावर पाणी आत शिरतं. तिथे पाच ते आठ सेकंद थांबा, खाली पहिले थेंब दिसले की एकसारख्या जोराने २० ते २५ सेकंदांत दांडा खाली आणा. कपात २५ ते ३० ग्रॅम. दुसऱ्या हाताने बेस धरा, मशीन उचलू पाहतं. नंतर अर्धा मिनिट थांबून पोर्टाफिल्टर हळू सोडवा. घाई केली तर आत राहिलेल्या दाबाने गरम चोथा तोंडावर उडतो.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. ग्रुप बॉयलरला जोडलेला असल्याने तो तापतच जातो. दोन-तीन कपांनंतर कॉफी करपट लागू लागते. ओल्या फडक्याने ग्रुप पुसून थंड करा, किंवा दोन कपांनंतर बटण बंद करून पाच मिनिटं जाऊ द्या. शिवाय युरोपिकोलाच्या पोटातलं पाणी सहा-सात कपांत, दूध तापवलं तर त्याआधीच संपतं. नळीतलं पाणी खालच्या टोकाला जाऊ देऊ नका, एलिमेंट उघडं पडून जळतं. पुन्हा भरायचं तर मशीन थंड होऊ द्यावं लागतं. चार पाहुणे आले की ही गोष्ट जाणवते. म्हणून एकट्या-दुकट्यासाठी युरोपिकोला, आठवड्यातून दोनदा माणसं जमणाऱ्या घरासाठी प्रोफेशनल. विश्रामबागला कॅफे उघडायचा बेत असेल तर दोन्ही नकोत.

ग्राइंडर हा वेगळा खर्च धरा. मिक्सरच्या भांड्यातली कॉफी या मशीनमध्ये चालत नाही: बारीक पूड अडकते, जाड पूड पाणी सोडून देते आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली जातो. सोबत मिळालेलं प्लास्टिकचं टॅम्पर बास्केटपेक्षा लहान असतं, कडेने कॉफी मोकळी राहते. स्टीलचं टॅम्पर लेथवर वळून घ्या, ४९ च्या बास्केटला सरळ भिंतीच्या मापाहून अर्धा मिलिमीटर कमी, तसंच ५१ च्या. दांड्याची मूठ तडकली असेल तर लाकडाची करता येते. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या खुंट्या वळणाऱ्यांना हे काम अवघड नाही, फक्त मुठीच्या आतले आटे मोजून न्या.

पाणी बोअरचं अजिबात नको. दोन महिन्यांत नळी पांढरी होते. आरओचं आणि नळाचं पाणी मिसळून टीडीएस मीटरवर (पाण्यातले क्षार मोजणारा) ८० ते १२० च्या आसपास ठेवा. साफ करायला लिटरला २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व. कोमट पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवा, मग तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. चुना जास्त असला तर ॲसिडचं प्रमाण वाढवण्यापेक्षा तेच पुन्हा एकदा करा.

मशीन घरी आलं, खरं काय आहे ते कळलं, की एका कागदावर चार गोष्टी लिहा: मॉडेलचा कोड, व्होल्ट आणि एलिमेंटचे ओहम, बास्केटचं मिलिमीटरमधलं माप, आणि एलिमेंट कसं जोडलंय ते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेसच्या आतल्या बाजूला, विजेच्या टर्मिनलपासून दूर टेपने चिकटवा. पुढचं किट मागवताना तो कागदच उघडायचा, पट्टी शोधत बसायचं नाही.